मूळ अर्जाचं काय झालं

बत्तीस वर्षं कोर्ट नाक्यावर
मी दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं.
मराठी लघुलेखन, मिनिटाला शंभर शब्द.
रडणं लिहायचं नसतं.
साहेब सांगायचे, घ्या :
साक्षीदार थोडा वेळ गप्प राहिला.

आता गुडघ्यांसाठी मासुंद्याला फेऱ्या.
तिसऱ्या फेरीला लिओनोरा मिनेझिस भेटते,
चर्चमधून निघालेली, ओच्यात उकडलेल्या शेंगा.
एकदा बाकावर सोलता सोलता म्हणाली,
बाय, आमचे चार जण इथंच मारले. तुझ्या ठाण्यात.
सातशे वर्षं झाली.
लांबच्या मुलखातले अनवाणी साधू,
निघाले होते भलतीकडे, गलबत लागलं इथं.
एका ख्रिस्ती घरानं त्यांना ठेवून घेतलं.
त्या घरात नवऱ्यानं बायकोला मारलं.
ती गेली काजीकडे.
काजी म्हणाला, साक्षीला कोण?
ती म्हणाली, घरात साधू उतरलेत, त्यांनी पाहिलंय.

बोलावणं गेलं.
आणि तिथं प्रश्नच बदलला.
तुमचा देव कोण, आमच्याविषयी काय म्हणता,
ते जे म्हणाले त्यावर माना गेल्या.

लिओनोरानं क्रूस केला.
मी आधीच्याच ओळीवर अडकलेली.

आमचा बेलिफ मुनाफ पटवेकर, राबोडीचा,
मोहरमच्या दहाव्या दिवशी फाटकाशी सरबताचं पिंप लावायचा.
तहानेनं मेलेल्यांच्या नावानं
जामीन न मिळालेल्याच्या आईलाही एक पेला.
तो सांगायचा, बाई, शहीद म्हणजे मुळात साक्षीदार.
लिओनोराचे फादर म्हणतात, मार्टिरचा अर्थही तोच.
आपला हुतात्मा तेवढा वेगळा.
तो आगीत वाहिलेला. त्यात बघणं नाही.

रोहेकर वकील वर्षातून एक दिवस
सिनेगॉगमधून सुकलेल्या तोंडानं यायचे.
एका म्हाताऱ्या गुरूला लोखंडी फण्यांनी सोललं म्हणे,
आणि तो एकच शब्द लांबवत राहिला
श्वास पुरला तोवर :
एक.

सुगंधा गमरेच्या विहारात फोटो होता,
व्हिएतनाममधला भिक्खू, भर चौकात पेटलेला, पाठ ताठ.
ती म्हणायची, मला त्याची नाही गं,
पेट्रोल ओतलं त्या दुसऱ्या भिक्खूची काळजी वाटते.
त्या रात्री जेवला असेल का तो?

आणि जपानात, कुठंतरी वाचलं होतं,
देवाच्या चित्रावर पाय ठेव आणि घरी जा, असं म्हणायचे.
कितीतरी जणांनी ठेवला.
त्यांच्या नावाची मेणबत्ती नाही.
मी फितूर साक्षीदार पुष्कळ लिहिलेत.
‘मला आठवत नाही’ म्हणताना
ते दाराकडे बघायचे,
दाराबाहेर पायरीवर त्यांचं पोर बसलेलं असायचं.
कागदावर पायरी येत नाही.

म्हणून विचारलं,
लिओनोरा, त्या बाईचं नाव काय?
नाव नाय लिवलेलं.
नवऱ्याला काय झालं?
तेही नाय.
मग ती त्या रात्री कुठं गेली? त्याच घरात?
लिओनोराच्या बोटात सोललेली शेंग तशीच राहिली.
चौघांची नावं मला पाठ हायेत, म्हणाली,
हे कधी कुणी विचारलंच नाय.

रागवायचं कुणावर.
मोठं प्रकरण आलं की लहान फाईल खाली जाते,
मी स्वतः सारलीय कितीदा.
तिनं फक्त एवढंच सांगितलं होतं की मारलं.
देवाचं नावही घेतलं नव्हतं.

काल जुनं पॅड घेऊन बाकावर बसले.
तळ्यात पायडलच्या होड्या सुटत होत्या.
पुकारा कसा करणार, नाव नसताना?
तरी वळणदार अक्षरात लिहिलं,
लघुलिपीत नाही, कुणालाही वाचता येईल असं :

फिर्यादी हजर.
साक्षीदार मयत.
फिर्यादी थोडा वेळ गप्प राहिली.
पुढील तारीख